लेथची विद्या आणि तिचे साक्षीदार

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'तुमच्या छंदाविषयी लिहा' असे कळवले, तेव्हा मी लेथ मशीनवर लिहीन असे सांगितले. त्यावर आपल्या ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी विचारले, "आता नोकरी सोडून वर्कशॉप टाकतेस की काय?" तसे काही नाही. दिवसभर मी सॉफ्टवेअरच लिहिते. पण चार वर्षांपूर्वी सुमारे चाळीस किलो वजनाचा एक छोटा लेथ घरी आणला आणि तेव्हापासून रविवार सकाळ त्याच्यापाशी जाते. पितळेच्या मुठी, आईच्या शिलाई मशीनचा झिजलेला बुश, सायकलचा एखादा स्पेसर, अशी किरकोळ कामे त्यावर होतात.

यंत्र घरी आले त्या दिवसापासून मला पडलेला प्रश्न मात्र किरकोळ नाही. ज्याला गुरू नाही त्याने ही विद्या कुणाकडून शिकायची, आणि शिकवणाऱ्याचे म्हणणे खरे आहे हे कशावरून ठरवायचे? सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर प्रोग्रॅम बंद पडतो, तो पुन्हा चालू करता येतो. लेथवर चुकीच्या माणसाचे ऐकले तर बोट जाते. या प्रश्नाच्या मागे लागून मी जे वाचले, त्यात लेथचा इतिहास ओघाने आला. तोच येथे मांडते.

लेथ हा शब्द इंग्रजी असला तरी काम आपल्याला परके नाही. लाकूड फिरते ठेवून त्याला धारेने गोल आकार देणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. 'कोरीव-कातीव' हा शब्द त्याच कामावरून आला. पाळण्याचे दांडे, लाटणी, सावंतवाडीची लाकडी खेळणी ही सगळी कातकामाची. बेलूर-हळेबीडूच्या होयसळ मंदिरांतले गुळगुळीत गोल खांब पाहिले की दगडसुद्धा कातला जात असे, हे अभ्यासकांचे म्हणणे पटते. तत्त्व एकच. काम फिरते, हत्यार जागेवर राहते. ही विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. ती हातात होती, कागदावर नव्हती.

कागदावर ती यायला सतरावे शतक उजाडले. लंडनच्या जोसेफ मॉक्सन या मुद्रकाने १६७८ पासून कारागिरीची माहिती भागाभागांनी छापायला सुरुवात केली. लोहारकाम, सुतारकाम आणि कातकाम हे विषय त्यात होते. पुढे १७०१ मध्ये फ्रान्समध्ये केवळ कातकामावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्याचा लेखक शार्ल प्लुमिए हा एक संन्यासी होता आणि वनस्पतिशास्त्रज्ञही होता. देवळाच्या आवारात दिसणाऱ्या पांढऱ्या चाफ्याचे शास्त्रीय नाव 'प्लुमेरिया' आहे, ते याच्याच नावावरून. चाफ्याचे फूल आणि लेथ यांचा असा संबंध असेल हे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्याच शतकात रशियात उलटे उदाहरण घडले. झार पीटर याला स्वतः लेथवर काम करण्याचा नाद होता. आंद्रेई नार्तोव हा त्याचा यंत्रकार. हत्यार हातात न धरता ते यंत्रालाच धरायला लावणारे लेथ नार्तोवने बांधले. त्यांतले काही आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. आपल्या यंत्रांचे सचित्र वर्णन करणारा ग्रंथही त्याने लिहिला. पण १७५६ मध्ये तो वारला आणि ते हस्तलिखित राजाच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिले. विसाव्या शतकापर्यंत ते छापले गेले नाही. यंत्र होते, लिहिलेलेही होते, पण ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत ते पोहोचले नाही. म्हणून युरोपातल्या पुढच्या कारागिरांना तेच सगळे पुन्हा शोधावे लागले.

आता आपण इंजिनिअरिंगला शिकलो त्या गोष्टीकडे येऊ. आमच्या पाठ्यपुस्तकात एक ओळ होती, ती परीक्षेत एका गुणाला यायची. लेथचा स्लाइड रेस्ट, म्हणजे हत्यार धरून सरकणारी बैठक, हेन्री मॉडस्ली या इंग्रजाने शोधली. मॉडस्ली मोठा कारागीर होता यात शंका नाही. सन १८०० च्या सुमारास त्याने बांधलेला आटे पाडण्याचा लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. पण पॅरिसच्या संग्रहालयात वोकान्सनचा लेथ आहे, तो त्याच्या सुमारे चाळीस-पन्नास वर्षे आधीचा. त्यावर सरकणारी बैठक स्पष्ट दिसते. नार्तोव तर त्याच्याही आधीचा. मग श्रेय एकट्या मॉडस्लीला कसे मिळाले? त्याचे एक मोठे कारण जेम्स नॅस्मिथचा १८४१ मधला लेख. नॅस्मिथ हा मॉडस्लीच्या शेवटच्या वर्षांतला मदतनीस, पुढे स्वतः नामांकित अभियंता झाला. त्याने गुरूचे गुणगान मनापासून केले. नंतरच्यांनी ते उचलले आणि पुस्तकामागून पुस्तकात तीच ओळ उतरत गेली. नॅस्मिथ खोटे बोलत नव्हता. त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितले, आणि जे पाहिले नव्हते ते सांगितले नाही. कुणी काय लिहिले याबरोबर तो लिहिणारा कुठे उभा होता, हेही पाहावे लागते. मॉडस्लीचे खरे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. सरकणारी बैठक, लीड स्क्रू आणि बदलता येणारी चाके त्याने एका भक्कम लोखंडी यंत्रात आणली, आणि अचूकपणा ही कारखान्याची रोजची सवय केली.

त्या सवयीचे एक साधन मला फार आवडते. मॉडस्लीने स्वतःच्या टेबलावर ठेवण्यासाठी एक मायक्रोमीटर बनवला होता. इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंतचा फरक तो दाखवत असे. कारखान्यात दोन कारागिरांचे मापावरून जुंपले की जॉब या मायक्रोमीटरवर जाई आणि तिथला निकाल अखेरचा मानला जाई. म्हणून त्याचे नाव पडले 'लॉर्ड चॅन्सेलर', म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश. आवाज कुणाचा मोठा, नोकरी कुणाची जुनी, याला तिथे किंमत नव्हती.

ज्ञान खुले करण्याचेही एक उदाहरण त्याच काळातले आहे. जेसी रॅम्सडेन याने वर्तुळावर अंशांच्या खुणा अचूक पाडणारे यंत्र बनवले. त्याचा स्क्रू कापण्यासाठी त्याला खास लेथ बांधावा लागला. जहाजांवरच्या मोजणीच्या उपकरणांना अशा खुणा लागत, म्हणून ब्रिटनच्या रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले. पण पैसे फुकट दिले नाहीत. यंत्राची रचना लिहून छापायची आणि इतर कारागिरांना ते बनवायला शिकवायचे, अशी अट घातली. ते वर्णन १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'ओपन सोर्स' म्हणून मिरवतो, त्याची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर मला जिथे सापडले, तो भाग. लेथचा बेड सरळ असावा लागतो. तो सरळ आहे हे बघायला सपाट पट्टी लागते. पण ती पट्टी सपाट आहे हे कशावर तपासायचे? दुसऱ्या पट्टीवर? मग त्या दुसरीचे काय? जगातली पहिली सपाट प्लेट कुणाच्या साक्षीने सपाट ठरली?

मॉडस्लीच्या कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगो येथे यावर निबंध वाचला. पद्धत अशी. एक प्लेट घ्या, तिला रंगाचा पातळ हात द्या आणि दुसरीवर घासा. जिथे रंग लागला तो उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडा. असे करत दोन प्लेट एकमेकींशी तंतोतंत जुळवता येतात. पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असे नाही. एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तिच्यात बसेल अशी फुगीर असली तरी त्या जुळतातच. दोघी मिळून तुम्हाला फसवू शकतात. म्हणून तिसरी प्लेट आणायची. पहिलीशी दुसरी जुळवली, पहिलीशीच तिसरी जुळवली, आणि मग दुसरी व तिसरी समोरासमोर ठेवल्या. पहिली खोलगट असेल, तर दुसरी आणि तिसरी दोन्ही फुगीर निघतात आणि एकमेकींवर डगमगतात. खोटे तिथे उघडे पडते. पीळ राहू नये म्हणून प्लेट फिरवूनही तपासतात. तिन्ही कुठल्याही जोडीने, कशाही फिरवून जुळल्या, तरच त्या खऱ्या सपाट. कुणी वरचा न्यायाधीश लागत नाही.

दोन साक्षीदार संगनमत करू शकतात, तिसरा ते मोडतो. अट एवढीच की तिसरा स्वतंत्र हवा. एकाच पुस्तकातून उतरवलेले दहा व्हिडिओ ही दहा प्लेट नव्हेत, ती एकच प्लेट दहा वेळा पाहणे आहे. मॉडस्लीविषयीची ती एका गुणाची ओळ नेमकी अशीच पसरली होती.

छंद म्हणून लेथ चालवणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. हॉल्टझॅफल नावाच्या कुटुंबाने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये हौशी श्रीमंतांसाठी सुबक लेथ बनवायला सुरुवात केली. त्याच घरातल्या चार्ल्सने १८४३ मध्ये कातकामावरच्या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला. तो वारल्यावर त्याच्या मुलाने काम पुढे नेले आणि एकूण पाच खंड झाले. हा झाला सरदारांचा छंद. सामान्य माणसासाठी दार उघडले ते १८९८ च्या जानेवारीत, पर्सिव्हल मार्शल याने लंडनहून 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले तेव्हा. कारकून, शिक्षक, रेल्वेतले फिटर असे लोक घरामागच्या शेडमध्ये वाफेची छोटी इंजिने बनवत आणि कसे बनवले ते लिहीत. चूक छापली गेली की पुढच्या अंकांत वाचकांची पत्रे ठरलेलीच. दुसऱ्या महायुद्धानंतर मायफोर्ड कंपनीचा 'एमएल ७' हा लेथ अशा घरांत पोहोचला आणि १९४८ मध्ये एल. एच. स्पेअरी यांचे हौशी लोकांच्या लेथवरचे पुस्तक आले. ते आजही विकत मिळते. अमेरिकेत साउथ बेंड या लेथ बनवणाऱ्या कंपनीने लेथ कसा चालवावा याची छोटी पुस्तिका काढली आणि १९६६ पर्यंत तिच्या पन्नासहून अधिक आवृत्त्या झाल्या. विकणाऱ्याच्या पुस्तिकेवर विश्वास का ठेवावा? कारण गिऱ्हाइकाने त्यात लिहिल्याप्रमाणे केले आणि जॉब बिघडला, तर तक्रार कंपनीकडेच येणार होती. पण तीच कंपनी 'आमचा लेथ सर्वोत्तम' म्हणते, तेव्हा तिचे मत बाजूला ठेवायचे.

माणूस विश्वासू असतो की त्याची नोंद? याचे उत्तर फ्रेडरिक टेलर देतो. धातू किती वेगाने कापावा यावर त्याने सव्वीस वर्षे प्रयोग केले, आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड आणि पोलाद कापून त्याच्या चिप्स केल्या, आणि १९०६ मध्ये ते सगळे आकड्यांसह प्रसिद्ध केले. पुढे कुणालाही तो प्रयोग करून पाहता आला, म्हणून ते काम टिकले. याच टेलरने कामगारांकडून कच्चे लोखंड वाहून घेण्याची एक गोष्ट सांगितली होती, ती व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवली गेली. १९७४ मध्ये दोन संशोधकांनी मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा त्या गोष्टीतले बरेच काही जुळेना. माणूस तोच. जिथे आकडे उघड ठेवले तिथे तो खरा ठरला, जिथे गोष्ट रंगवली तिथे नाही.

या वेगाचे गणित सोपे आहे आणि नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ तिथेच होतो. साध्या माइल्ड स्टीलला हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला साधारण तीस मीटर वेग चालतो. जॉबचा व्यास पंचवीस मिलिमीटर असेल तर मिनिटाला सुमारे ३८० फेरे होतात. व्यास दहा मिलिमीटर असेल तर सुमारे ९५०. आता कार्बाइडचे टूल वापरणारा माणूस याच्या तिप्पट-चौपट वेग सांगतो. दोघेही खरे असतात. टूल कोणते ते न सांगता फक्त आकडा सांगणारा मात्र कामाचा नाही. अशा तक्त्यांसाठी १९१४ पासून निघणारे 'मशिनरीज हँडबुक' अजूनही टर्नरच्या कपाटात असते.

आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. बर्लिनचे प्राध्यापक जॉर्ज श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये यंत्रे तपासण्याच्या चाचण्यांचे पुस्तक काढले. स्पिंडल किती डगमगतो, बेड किती वाकडा आहे, हे ग्राहकाने कसे मोजावे, किती फरक चालेल, ते सगळे त्यात तक्त्यांनी दिले होते. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता यंत्रालाच विचारण्याची ही रीत. ते ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना तुरुंगात टाकले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्या चाचण्या मात्र जगभरच्या मानकांत राहिल्या. लेथ घेतल्यावर मीही त्यांतल्या सोप्या तीन-चार चाचण्या डायल लावून केल्या. विक्रेत्याने दिलेल्या कागदावरचा आकडा आणि माझ्या डायलवरचा आकडा यांत बराच फरक निघाला. तेव्हापासून मी कागदाला नाही, डायलला विचारते.

आपल्याकडचा धागाही लांब आहे. बेळगावहून किर्लोस्करवाडीला आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगघराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर सुरू केली आणि तिथले लेथ देशभरच्या कारखान्यांत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटी उभी राहिली. एचएमटीने १९८० मध्ये काढलेले 'प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी' हे पुस्तक इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्यांनी वाचले आहे. यंत्र बनवणाऱ्यांनीच ते लिहिले असल्यामुळे त्यात उगाच शब्दांचा फापटपसारा नाही. आयटीआयच्या टर्नर ट्रेडची पुस्तके आहेत. पुण्याहून 'धातुकाम' हे मासिक मराठीत निघते. म्हणजे मराठी माणसाला या विद्येसाठी इंग्रजीच्या दारात ताटकळत बसायची गरज नाही.

जुने पुस्तक म्हणून डोळे मिटून घ्यावे असेही नाही. जुन्या पुस्तकांत टेलस्टॉकच्या सेंटरला शिशाचे पांढरे वंगण लावायला सांगितलेले असते. सुट्टे भाग धुवायला सांगितलेले एखादे रसायन आज विषारी म्हणून बंद झालेले असते. आटे पाडण्याची रीत त्याच पुस्तकातून घ्यावी, रसायने घेऊ नयेत. व्हिडिओ पाहताना माझी पहिली कसोटी आणखी सोपी आहे. फिरत्या लेथपाशी हातमोजे, अंगठी, घड्याळ किंवा लांब बाही दिसली, चकची चावी चकमध्येच विसरलेली दिसली, की तो व्हिडिओ बंद. दुसरी कसोटी, तो माणूस माप दाखवतो का. नुसता चकचकीत जॉब दाखवणारे खूप आहेत, मायक्रोमीटर लावून दाखवणारे थोडे. तिसरी, आपला जॉब बिघडलेलाही तो दाखवतो का. आणि चौथी, तेच काम दुसऱ्या कुणी, त्याचे न पाहता, तसेच सांगितले आहे का. ही माझी तिसरी प्लेट.

मित्रमैत्रिणींनो, हे सगळे लिहिताना एक गोष्ट सतत मनात होती. आपल्या काळी टेक्निकल विषय मुलांचा समजला जाई, आम्हा मुलींनी तो घ्यायची रीत नव्हती. दहावीनंतर आपल्यातले काही जण आयटीआयला गेले, आम्ही काही जणी कॉलेजला गेलो, आणि का कोण जाणे, गुणपत्रिकेच्या आकड्यावरून कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले हे सगळ्यांनी ठरवून टाकले. आज आमच्या बॅचचा एक टर्नर कारखान्यात सत्तावीस वर्षे काढून बसला आहे. लेथचा आवाज बदलला की टूलची धार गेली, हे तो पाठमोरा उभा राहून सांगतो. मी त्याला फोनवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. नंतर पुस्तकांशी ताडून पाहिली, आणि प्रत्येक वेळी जुळली.

त्याने स्वतः एक ओळ लिहून ठेवलेली नाही. त्याच्यासारखे आपल्या शाळेचे आणखी किती जण असतील. कुणी वेल्डर, कुणी पॅटर्नमेकर, कुणी गिरणीतला जॉबर. येत्या दहा-पंधरा वर्षांत ते सगळे निवृत्त होतील. नार्तोवचे निदान हस्तलिखित तरी होते.

म्हणून स्नेहसंमेलनाच्या दिवशी माझी एक विनंती आहे. जेवणानंतर तासभर एक खोली मोकळी ठेवा. ज्यांच्या हातात विद्या आहे त्यांनी बोलावे, आम्ही टंकलेखनवाल्यांनी लिहून घ्यावे, आणि लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवून दुरुस्त करून घ्यावे. त्याची छोटी पुस्तिका करून शाळेच्या वाचनालयात ठेवू. या वेळी मुलींनाही ती वाचता येईल. वही मी घेऊन येते.